डिप्लेक्सर लावला आणि ४३५ बहिरा झाला: दोष कुठे शोधायचा?

"दादा, नवाकोरा डिप्लेक्सर आणला, पण यूएचएफला काहीच ऐकू येत नाही. पीस खराब निघाला वाटतं."

हा फोन मला वर्षाकाठी चार-पाच वेळा तरी येतो. आवाज वेगळा, गाव वेगळं, तक्रार तीच. गेल्या खेपेला साताऱ्याकडचा एक नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला होता. लायसन्स हातात पडून तीन महिने झालेले, गच्चीवर टू मीटरचा (१४५ मेगाहर्ट्झ, व्हीएचएफ) उभा अँटेना, शेजारी सेव्हन्टी सेंटीमीटरची (४३५ मेगाहर्ट्झ, यूएचएफ) यागी, म्हणजे एका दिशेला रोखलेला अँटेना, आणि खाली एकच सॉकेट असलेला ड्युअल बँड मोबाइल रेडिओ. एका सॉकेटला दोन अँटेने जोडायचे म्हणजे डिप्लेक्सर हवा, इथवर त्याचा विचार अगदी बरोबर होता. मी त्याला म्हटलं, आधी त्या डबीचा फोटो पाठव.

फोटो आला आणि उलगडा झाला. डबीच्या एका तोंडावर 'सॅट' छापलेलं, दुसऱ्यावर 'व्हीएचएफ/यूएचएफ'. म्हणजे डिश टीव्हीवाले गच्चीवरून एकाच केबलने डिश आणि साधा टीव्ही अँटेना खाली आणायला वापरतात तो डिप्लेक्सर. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवर नुसतं 'डिप्लेक्सर द्या' म्हटलं की बहुधा हाच हातात पडतो, आणि त्यात दुकानदाराची काही चूक नाही. नाव तेच आहे. पण याची विभागणी साधारण ९५० मेगाहर्ट्झच्या खाली आणि वर अशी असते. आपला १४५ आणि आपला ४३५ दोन्ही एकाच तोंडाने जाणार, दुसऱ्या तोंडाला काहीच नाही. वर इंपीडन्स ७५ ओहम (आपल्या रेडिओला ५० लागतो), आतले भाग टीव्हीच्या कणभर सिग्नलसाठी बनवलेले. त्यात ५० वॅट सोडले तर वास येईल, दुसरं काही होणार नाही. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण वास कसा येतो ते मला ठाऊक आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये तसला एक काळवंडलेला तुकडा अजून पडून आहे.

काहीजण याहून पुढे जातात आणि केबलवाल्याचा टू-वे स्प्लिटर लावतात. तो फ्रिक्वेन्सी बघतच नाही, येईल ते दोघांत वाटतो. प्रत्येक वाटेवर साडेतीन-चार डेसिबल, म्हणजे निम्म्याहून जास्त पॉवर गेली. शिवाय टू मीटरची पॉवर यागीलाही जाते आणि तिथून आपटून परत येते. स्प्लिटरचा विषय इथेच संपवू.

नावाचा घोळ आणखी एक आहे. डिप्लेक्सर म्हणजे दोन वेगळे बँड वेगळे करणारा. डुप्लेक्सर म्हणजे एकाच बँडमध्ये एकाच वेळी पाठवणं आणि ऐकणं जमवणारा, रिपीटरवर, म्हणजे आलेला आवाज जोरात पुन्हा पाठवणाऱ्या केंद्रावर असतो तो. टू मीटरच्या रिपीटरला ऐकणं आणि पाठवणं यांत फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर सांभाळायचं असतं, म्हणून त्याला गुडघ्याएवढे उंच चार-सहा धातूचे डबे लागतात. आपल्याला १४५ आणि ४३५ वेगळे करायचेत, मध्ये एवढं मोकळं रान आहे की साबणाच्या वडीएवढी डबी पुरते. गंमत म्हणजे डायमंड आणि कॉमेट या जपानी कंपन्या आपल्या डिप्लेक्सरच्या खोक्यावर 'डुप्लेक्सर' असंच छापतात. त्यामुळे शोधताना दोन्ही नावांनी शोधा, पण विकत घेताना नाव सोडून फ्रिक्वेन्सीचे आकडे वाचा.

डबीच्या आत दोन फिल्टर असतात, बस. एक लो-पास, एक हाय-पास, आणि दोघांचं एक टोक एकत्र आणलेलं. खालच्या फ्रिक्वेन्सीला एक दार उघडं, वरच्या फ्रिक्वेन्सीला दुसरं. डिप्लेक्सरला अँटेना 'निवडता' येत नाही, त्याला फक्त फ्रिक्वेन्सी कळते. ही गोष्ट डोक्यात बसली की निम्मे फोन आपोआप बंद होतील.

घ्यायच्या आधी कागद-पेन

आपण खरोखर वापरतो त्या फ्रिक्वेन्सी एका कागदावर लिहा. भारतात टू मीटर म्हणजे १४४ ते १४६ आणि सेव्हन्टी सेंटीमीटर म्हणजे ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. एवढंच असेल तर डायमंडचा एमएक्स-७२ किंवा कॉमेटचा सीएफ-४१६ या जातीचा डिप्लेक्सर हवा. खालचं दार एचएफपासून (३० मेगाहर्ट्झच्या खालचे बँड) साधारण १५०-१७० पर्यंत, वरचं दार ४०० च्या आसपासपासून पुढे. विमानांचा बँड ऐकायची हौस असेल तर तोही खालच्या दारानेच येईल, म्हणजे टू मीटरच्या अँटेन्यावर. दोन दारांच्या मधला भाग कुणाचाच नाही.

आता रेडिओच्या पाठीमागे बघा. आयकॉम आयसी-७०५ ला एचएफपासून सेव्हन्टी सेंटीमीटरपर्यंत सगळ्याला मिळून एकच बीएनसी सॉकेट आहे. तिथे पहिली फाळणी एचएफ-सहा मीटर (५० मेगाहर्ट्झ) एका बाजूला आणि टू मीटर-सेव्हन्टी दुसऱ्या बाजूला, अशी हवी. त्यासाठी कॉमेटच्या सीएफ-७०६ सारखा डिप्लेक्सर येतो, ज्याचं खालचं दार ५७ मेगाहर्ट्झला संपतं आणि वरचं ७५ ला सुरू होतं. वरच्या बाजूला ड्युअल बँड अँटेना असेल तर काम झालं. तिथेही दोन वेगळे अँटेने असतील तर त्या दाराला पुढे आणखी एक एमएक्स-७२ जोडा, किंवा सरळ तीन दारांचा ट्रिप्लेक्सर घ्या. उलट यासूच्या एफटी-९९१ए ला एचएफ आणि ५० मेगाहर्ट्झसाठी वेगळं सॉकेट आहे आणि १४४-४३० साठी वेगळं. त्याला पहिल्या फाळणीची गरजच नाही, ती रेडिओच्या आतच झालेली आहे. एका ओएमनी (हॅम मित्राला आम्ही असंच म्हणतो) ९९१ साठी ट्रिप्लेक्सर मागवला आणि त्याचं तिसरं तोंड कशाला जोडायचं ते मला विचारलं. मी म्हटलं, चहाच्या कपाखाली ठेवा.

आणि हा प्रश्न तर नेहमीचाच: "चाळीस मीटरचा डायपोल आणि वीस मीटरचा डायपोल, दोन्ही एका रेडिओला. कुठला डिप्लेक्सर?" कुठलाही नाही. ७ मेगाहर्ट्झ आणि १४ मेगाहर्ट्झ दोन्ही एचएफच्याच दाराने जाणार. स्पर्धावाल्यांसाठी एचएफ बँड वेगळे करणारे ट्रिप्लेक्सर असतात, पण ते वेगळं आणि महागडं प्रकरण आहे, त्यांच्यासोबत बँडपास फिल्टरही लागतात. घरच्या शॅकसाठी, म्हणजे रेडिओच्या खोलीसाठी, दोन तोंडांचा हाताने फिरवायचा कोॲक्स (अँटेना केबलचा) स्विच घ्या. नाहीतर दोन्ही डायपोल एकाच बलूनला (केबल आणि डायपोल यांच्यामधला छोटा ट्रान्सफॉर्मर) बांधून फॅन डायपोल करा, केबलही एकच लागेल. एकाच बँडचे दोन अँटेने, म्हणजे टू मीटरचा उभा आणि टू मीटरची यागी असतील, तरीही उत्तर स्विच हेच.

खोक्यावरचे आकडे

चांगल्या डिप्लेक्सरचा लॉस, म्हणजे वाटेत जिरणारी पॉवर, पाव डेसिबलच्या आसपास असतो. ५० वॅटमधले जेमतेम ३ वॅट गेले. यावर तासन्‌तास वाद घालणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्याच गच्चीवर पंचवीस मीटर आरजी-५८ लोंबकळत असते. ४३५ ला त्या केबलचा लॉस नऊ डेसिबलच्या घरात जातो, म्हणजे ५० वॅटमधले सहा वॅट वर पोचतात. त्याच लांबीला आरजी-२१३ वर वीसेक वॅट पोचतील, एलएमआर-४०० वर तीसेक. पैसे खर्च करायचेच तर आधी तिथे करा.

आयसोलेशनचा आकडा (एका दाराचा सिग्नल दुसऱ्या दाराशी किती दबून पोचतो), ५० की ६० डेसिबल, याची चिंता एका रेडिओला दोन अँटेने जोडणाऱ्याने फारशी करू नये. तो महत्त्वाचा असतो डिप्लेक्सर उलटा वापरताना, म्हणजे दोन रेडिओ आणि एक अँटेना. एक रेडिओ ५० वॅट सोडतोय आणि आयसोलेशन ५० डेसिबल असेल तर दुसऱ्याच्या तोंडाशी अर्धा मिलिवॅट पोचतो. रिसिव्हरला तोही पुष्कळ झाला.

पॉवरचा आकडा मात्र नीट वाचा. तो बहुतेकदा पीईपीमध्ये, म्हणजे एसएसबी पद्धतीने बोलताना येणाऱ्या क्षणिक शिखराचा असतो. एफएमला कॅरियर सलग असतो, एफटी-८ या डिजिटल पद्धतीत पंधरा सेकंदांपैकी साडेबारा सेकंद रेडिओ ओरडत असतो. मी अशा कामाला छापील आकड्याच्या निम्म्याहून कमी धरतो. कनेक्टर ४३५ साठी शक्यतो एन-टाइप. पीएल-२५९ चालतो, जग चालवतं, पण बीएनसी ते पीएल, पीएल ते एन अशी अडॅप्टरांची आगगाडी जोडलीत तर एसडब्ल्यूआर (किती पॉवर आपटून परत येते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) त्या आगगाडीचाच मोजला जाईल.

आता दोष शोधू

डबी बरोबर जातीची आहे, तरी गडबड आहे. पहिलं काम म्हणजे अँटेने बाजूला ठेवायचे. ५० ओहमचे दोन डमी लोड (अँटेन्याच्या जागी लावून पॉवर जिरवणारे रोध) घ्या, मित्राकडून मागून आणा हवं तर. आधी प्रत्येक डमी लोड एकटा मीटरला लावून दोन्ही बँडवर तपासा, कारण स्वस्तातला डमी लोड ४३५ ला स्वतःच दीड एसडब्ल्यूआर दाखवतो आणि मग आपण निर्दोष डिप्लेक्सरला फाशी देतो. मग दोन्ही दारांना डमी लोड, सामाईक तोंडाला मीटर. १४५ आणि ४३५ दोन्हीकडे एसडब्ल्यूआर १.२ च्या आत यायला हवा. आला तर डिप्लेक्सर सुटला, दोष पलीकडे आहे.

नॅनोव्हीएनए (फिल्टर आणि अँटेने तपासायचं छोटं उपकरण) असेल तर लॉसही मोजता येतो: एक पोर्ट सामाईक तोंडाला, दुसरा तपासायच्या दाराला, आणि उरलेल्या दाराला डमी लोड. ते तिसरं तोंड उघडं सोडून मोजणारे खूप, आणि मग आलेखात खड्डा दिसला म्हणून तक्रार. फिल्टर तिन्ही तोंडांना ५० ओहम गृहीत धरून बनवलेला असतो. आणि हो, मोजमाप झाल्यावर नॅनोव्हीएनए काढून ठेवा. तो जोडलेला असताना चुकून पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबला तर त्याला श्रद्धांजली वाहावी लागेल.

काहीच उपकरण नसेल तर साधा मल्टिमीटर घ्या. सामाईक तोंडाची मधली पिन आणि खालच्या दाराची मधली पिन, यांच्यात बहुतेक डिप्लेक्सरमध्ये जवळपास शून्य ओहम येतं, कारण वाटेत फक्त गुंडाळी असते. सामाईक आणि वरचं दार यांच्यात मार्ग तुटलेला दिसतो, कारण वाटेत कपॅसिटर असतो. लेबल पुसलं गेलेल्या जुन्या डबीची दारं मी अशीच ओळखतो.

यावरून माझी सगळ्यात आवडती चूक आठवली: वायरी उलट लागणं. खालच्या दाराला यागी, वरच्या दाराला टू मीटरचा अँटेना. तुम्हाला वाटेल दोन्हीकडे एसडब्ल्यूआर बिघडेल. नाही. टू मीटरवर मीटर आडवा पडतो, पण सेव्हन्टीवर बऱ्यापैकी चांगला दिसतो! कारण १४५ ची तिप्पट ४३५, आणि पाव लहरीचा अँटेना तिप्पट फ्रिक्वेन्सीला पाऊण लहरीचा होऊन आनंदाने मॅच होतो. फक्त त्याची पॉवर आभाळाकडे जाते आणि यागीचा फायदा शून्य. त्यामुळे 'सेव्हन्टी ठीक, टू मीटर भयंकर' असं कुणी सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारतो, केबलींना खुणेची टेप लावली आहेस का? लाल टू मीटर, निळी सेव्हन्टी, दोन्ही टोकांना. पाच रुपयांचं काम.

दोन्ही बँड एकदम गेले असतील तर सामाईक बाजूची केबल आणि तिचे कनेक्टर बघा. डिप्लेक्सरच्या आत दोन्ही फिल्टर एकाच दिवशी मरणं दुर्मीळ. रेडिओपासून डिप्लेक्सरपर्यंतचा तो वीतभर जंपर घरी सोल्डर केलेला असेल तर आधी त्याच्यावर संशय घ्या.

आणि चांगल्या एसडब्ल्यूआरवर भाळू नका. मघाची ती पंचवीस मीटर आरजी-५८ घ्या. वरच्या टोकाला अँटेना अजिबात नाही, केबल उघडी. गेलेली पॉवर नऊ डेसिबल गमावते, आपटून परत येताना आणखी नऊ. खाली मीटरला एसडब्ल्यूआर दिसतो सुमारे १.३. मीटर म्हणतोय सगळं छान, वर अँटेनाच नाही! म्हणून मोजमाप शक्यतो गच्चीवर, अँटेन्याच्या पायथ्याशी करा.

पावसाळ्यातला पाहुणा

माझ्या स्वतःच्या घरचा दोष याहून त्रासदायक होता, कारण तो ये-जा करायचा. डोंबिवलीत सोसायटीच्या गच्चीवरून डक्टमधून एकच केबल खाली आणायची परवानगी मिळालेली. म्हणून दोन डिप्लेक्सर पाठीला पाठ लावून वापरले, एक खाली शॅकमध्ये, एक वर अँटेन्याच्या खांबावर, म्हणजे मास्टवर. ही पद्धत उत्तम आहे, दोन डिप्लेक्सरचा मिळून अर्ध्या डेसिबलच्या आसपास लॉस, आणि एक आख्खी केबल वाचते. पण जुलै उजाडला की ४३५ चा एसडब्ल्यूआर १.३ वरून तीनच्या पुढे जायचा. टू मीटर ढिम्म. दोन दिवस ऊन पडलं की पुन्हा सगळं सुरळीत. सलग दोन पावसाळे मी रेडिओला दोष देत होतो.

तिसऱ्या वर्षी भर पावसात वर गेलो, लेकीला छत्री धरायला घेऊन. डमी लोड यागीच्या जागी लावला, तरी तीन. म्हणजे यागी सुटली. वरचा डिप्लेक्सर काढून चार स्क्रू खोलले. आत यूएचएफच्या बाजूला कनेक्टरच्या मुळाशी हिरवट चुरा, आणि दहा पैशाच्या नाण्याएवढ्या जागेत पाण्याचा एक थेंब, छोट्या गुंडाळीला चिकटून बसलेला. १४५ ला त्या थेंबाने फारसं काही बिघडत नव्हतं, ४३५ ला तो एक भलामोठा अनाहूत कपॅसिटर होता. पाणी डबीच्या सांध्यातून आलं नव्हतं. ते आलं होतं यागीच्या केबलमधून. कनेक्टरवर मी साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, ती उन्हाने सुटली, आणि कोॲक्सची जाळी वातीसारखी पाणी शोषत डबीपर्यंत घेऊन आली.

तेव्हापासून मास्टवरची डबी उलट्या प्लास्टिकच्या डब्यात, खालून उघड्या. कनेक्टरांची तोंडं जमिनीकडे. प्रत्येक केबलला डबीत शिरण्याआधी खाली झोळ, म्हणजे थेंब तिथून गळतो. कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, ताणून, खालून वर गुंडाळत, आणि तिच्यावर उन्हासाठी काळी टेप. सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्याचं आम्ल तांबं खातं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी वर जाऊन एकदा सगळं उघडून बघतो आणि त्या दिवशीचे दोन्ही बँडचे एसडब्ल्यूआर डबीच्या आतच कागदावर लिहून ठेवतो. पुढच्या खेपेला तुलना करायला काहीतरी लागतंच.

उपग्रहवाल्यांसाठी जाता जाता

एक तक्रार डिप्लेक्सरच्या दोषासारखी वाटते, पण तसा दोष नसतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा रिपीटर: आपण वर पाठवायचं १४५.९९० मेगाहर्ट्झला, खाली ऐकायचं ४३७.८०० ला. तुम्ही पीटीटी दाबला की स्वतःचा परत येणारा आवाजच गायब. १४५.९९० ची तिप्पट करा, ४३७.९७०. ऐकायच्या फ्रिक्वेन्सीपासून फक्त १७० किलोहर्ट्झवर. तुमच्याच ट्रान्समीटरचा तिसरा हार्मोनिक शेजारच्या यागीत शिरून रिसिव्हरला झोपवतोय. आपल्या इस्रोने २००५ मध्ये सोडलेल्या हॅमसॅटला ही कटकट नव्हती, कारण तिथे उलटं होतं, वर ४३५ आणि खाली १४५.

दोन वेगळे रेडिओ किंवा दोन वेगळी सॉकेट असतील तर इथे एक जादा डिप्लेक्सर कामाला येतो. टू मीटरच्या ट्रान्समीटरला त्याचं सामाईक तोंड जोडा, खालच्या दाराला टू मीटरचा अँटेना, आणि वरच्या दाराला छोटा ५० ओहमचा डमी लोड. १४५ सरळ निघून जातो, ४३७ चा हार्मोनिक डमी लोडमध्ये जिरतो. साताऱ्याच्या पोराने अखेर योग्य डिप्लेक्सर घेतला, आणि आता दुसरा कशाला हवा म्हणून घरच्यांची समजूत काढतोय.